खेळाचं खोकं

६ फेब्रुवारी

बारक्या,

आधी ही पत्रं उघडून वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. साहेब, यात लाकूडकामाशिवाय काही नाही. कंटाळा येईल, पण वाचा.

आता तुला. परवा भेटीच्या काचेपलीकडून तू काहीतरी सांगत होतास आणि मी मान हलवत होते. खरं सांगू? त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. माझ्या शेजारची बाई तिच्या नवऱ्यावर एवढी ओरडत होती की त्याच्याआधी मीच घाबरले. म्हणून यापुढे महत्त्वाचं सगळं कागदावर बोलू.

घरी बाबांची आवराआवर सुरू झालीय. लिफ्टची कामं सुटल्यापासून त्यांना एका जागी बसवत नाही. खुर्ची इकडची तिकडे, कपाट तिकडचं इकडे. आता नजर तुझ्या खोलीवर गेलीय. भाडेकरू ठेवायचा म्हणतात. एकटा, शिकणारा, शांत. मी म्हटलं, "आणि बारक्या आल्यावर?" तर पेपर वर धरला. तुझं नाव निघालं की पेपर वर जातो. तो बागेतला माळी तुझ्या टेम्पोखाली आला, त्याचा पाय कायमचा अधू झाला, याबद्दल बाबा कधीतरी दोन शब्द बोलतात. पण तू गाडी थांबवली नाहीस, त्याबद्दल नाही. ते तिथेच अडलेत, आणि दीड वर्ष झालं तरी तिथून हललेले नाहीत.

तर खोली रिकामी करायची म्हणजे पहिला नंबर तुझ्या जुन्या कॉम्प्युटरचा. "भंगारात देतो, नाहीतर त्याचा काही उपयोग करून दाखव," असं बाबा म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "करते ना. गेमचं मशीन करते. उभं. कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये होतं तसं, दांडी आणि बटणांचं." आपण काय बोललो ते मला बोलून झाल्यावर कळलं. बाबांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत वर धरला.

आता माघार घेणं आलं का? प्लायवूड सांगून आले. वरच्या मजल्यावरच्या रंगाऱ्याकडून जिगसॉ, म्हणजे ती विजेची करवत, आणि ड्रिल मागून आणलं. तू तिथल्या सुतारखान्यात एवढं शिकलास, मला शिकव. मी जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या. माझं चुकलं तर कोणाला तरी जग तिरकं दिसतं, एवढं मला ठाऊक आहे. लाकडाचं कसं असतं?

खोकं तुझ्या खोलीतच बनवणार आहे.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी बराकीत एवढ्या येरझाऱ्या घातल्या की शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, "कोणी गेलं नाही. माझी बहीण सुतार झाली."

नीट ऐक. बाजूच्या दोन फळ्या म्हणजे या खोक्याचा जीव. प्लायला लगेच पातं लावू नकोस. आधी मोठ्या पुठ्ठ्यावर बाजूचा आकार काढ, काप, आणि भिंतीला टेकवून त्याच्यासमोर उभी राहा. कोपर वाकवल्यावर हात जिथे येतात तिथे बटणांची फळी. डोळ्यांच्या जरा खाली पडदा, मागे कललेला, नाहीतर मान दुखते. पुठ्ठा चुकला तर पुठ्ठाच जातो.

मग दोन्ही फळ्या कापताना रेघेच्या थोडं बाहेरून काप. जिगसॉला ढकलू नकोस, त्याला त्याच्या चालीने चालू दे, तू फक्त दिशा दाखव. प्लायची चांगली बाजू खाली ठेव. पातं वर येताना कापतं, कपच्या वरच्या बाजूला उडतात. दोन्ही कापून झाल्या की एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळ आणि रेघेपर्यंत एकदमच कानशीने घास. वेगवेगळ्या घासल्यास तर त्या सावत्र बहिणी दिसतील.

सांधे स्क्रूने जोड. गोंद लावू नकोस, म्हणजे पुढेमागे सोडवता येतील. मागे दार ठेव, वायरींना हात घालायला. खाली चाकं.

आणि या सगळ्याच्या आधी दरवाजा मोज! खोक्याची रुंदी, नाहीतर निदान पुढून मागची खोली तरी दारापेक्षा कमी हवी. आमच्या इथे एकाने शाळेसाठी कपाट केलं आणि ते सुतारखान्यातून बाहेर काढताना चौकट उखडावी लागली.

इथे आम्ही बाकं करतो. दिवस बरा जातो. संध्याकाळी हत्यारं मोजून परत घेतात आणि मग या हातांचं काय करायचं ते समजत नाही. काल मी उशीची शिवण उसवून पुन्हा घातली. मार्चअखेर सूट समिती बसणार आहे. कामाचे शेरे चांगले आहेत. म्हाताऱ्याच्या मते माझं नाव लागणार, शिक्षा कमी होणार, मे महिन्यात मी बाहेर. मी त्याला गप्प बस म्हणतो आणि पुन्हा तेच विचारतो.

भाडेकरूचं पुढे काय झालं ते मला कळवू नकोस. नाही, कळव.

बारक्या


२ मार्च

बारक्या,

पुठ्ठा झाला. एक फळीही झाली. दुसरीत जिगसॉ माझ्या हातून असा सुटला की फळीला मधोमध खड्डाच पडला. काचेवर इतकी चूक झाली तर दुकानदार मला दिवसभर ऐकवतो. इथे नवीन तुकडा घेतला, पुन्हा कापला, कोणी काही बोललं नाही. मला ते भलतंच आवडलं. दुकानातून येते, चहा घेते आणि सरळ तुझ्या खोलीत. भुसा केसांत, भुसा चहात. बाबा खोकून दाखवतात.

पुठ्ठा भिंतीला लावला तेव्हा ते दाराशी आले.

"हे काय?"

"पुठ्ठा."

"पुठ्ठा दिसतोय मला."

आणि गेले. थोड्या वेळाने परत हजर. "खाली पायांना जागा सोडलीस का? उभं राहणाऱ्याची बोटं आपटतील." आणि मी उत्तर द्यायच्या आत पुन्हा गायब. मी खालचा भाग आत घेतला. त्यांचं बरोबर होतं.

भाडेकरू बघायला येऊन गेला. बारीकसा मुलगा, पाठीवर दप्तर. फळीकडे बघत म्हणाला, "हे कपाट इथेच राहणार का?" मी म्हटलं, "हो." बाबा त्याच वेळी म्हणाले, "नाही." तो बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत राहिला. मे महिन्यापासून येतो म्हणालाय.

मशीन दोघांसाठी करतेय. दोन दांड्या, शेजारी उभं राहून खेळता येईल, कोपराला कोपर लागणार नाही. तुझी कोपरं मला माहीत आहेत.

सोबत चित्र जोडलंय. मापं घातलीत. बघून काय चुकलं ते कळव. माणसाच्या मानाने उंची कळावी म्हणून मी स्वतःलाही त्यात काढलंय. हसू नकोस.

ताई


१२ मार्च

ताई,

चित्र माझ्यापर्यंत आलंच नाही. मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर ते होतं, उलटं, माझ्याकडे पाठ करून. साहेबांनी विचारलं, "ही पेटी कसली?" मी म्हटलं, "खेळाची." "आत माणूस कोण?"

तू स्वतःला खोक्याच्या *आत* काढलंयस? मागे दार, खाली चाकं, आणि आत उभा माणूस? आणि हे असलं चित्र सुतारखान्यात काम करणाऱ्या कैद्याला, जिथून दर आठवड्याला बाकांनी भरलेला ट्रक बाहेर जातो?

मी सांगून दमलो. त्यांचं म्हणणं, चौकशी होईपर्यंत सुतारखाना बंद. आता मला स्वयंपाकघरात घातलंय, बटाटे सोलतो. समिती याच महिन्यात आहे, ताई. काहीतरी कर. लवकर ये, फोटो आण, खोकं कसलं आहे ते दाखव.

बाकी सगळं सोड. नाही, एक सांग, दरवाजा मोजलास ना?

बारक्या


२० मार्च

बारक्या,

जाऊन आले. दुकानातून सुट्टी मिळेना, शेवटी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. 

फोटो छापून नेले होते. बटणांची फळी पण नेली होती, ती फाटकावरच ठेवून घेतली, निघताना परत दिली. साहेब वाईट नाहीत. त्यांच्या चष्म्याची उजवी काच तिरकी बसवलीय आणि मला सारखं तेच दिसत होतं. त्यांनी चित्र पुढे सरकवलं.

"हे कोण?"

"मी."

"तुम्ही आत काय करताय?"

"वायरी जोडतेय, साहेब."

"उभ्याने?"

"बसलेला माणूस काढता येत नाही मला. चित्रकला कच्ची आहे."

त्यांनी चित्रातल्या दारावर बोट ठेवलं. मग, "मागे दार कशाला?"

"वायरी दिसू नयेत म्हणून."

"आणि चाकं?"

"झाडू मारायला. सरकवता आलं पाहिजे ना."

तिथे शेजारी बसलेला कारकून खिडकीबाहेर बघायला लागला, त्याचे खांदे हलत होते. साहेबांनी फोटो दोनदा बघितले, मला लिहून द्यायला लावलं, सही घेतली. "ठीक आहे. वर कळवतो," म्हणाले. मी विचारलं, "समितीच्या आधी ना?" ते म्हणाले, "कळवतो म्हटलं ना."

तेव्हा आता काळजी करू नकोस. मला वाटतं झालं. येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते, शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला. घरी बाबांना सांगितलं तर पेपरामागून आवाज आला, "आत उभं राहून काढलंस? अक्कल." पण पेपर हलत होता.

मधल्या फळ्या बसवल्या. खोकं उभं राहिलंय. अजून पोकळ आहे, पण खोलीत कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं.

ताई


२९ मार्च

ताई,

समिती गुरुवारी बसली. माझ्या नावापुढे ‘चौकशी चालू’ लिहिलं होतं म्हणून कागद बाजूला ठेवला. चौकशी शनिवारी संपली. आता पुढची बैठक जूनअखेर.

मे महिन्याचं म्हाताऱ्याने उगाच डोक्यात घातलं होतं. उगाच काय, मीच घालून घेतलं होतं. मी रोज आंघोळ करताना विचार करायचो की घरी कुठल्या नळाचं पाणी आधी गरम येतं.

तुझ्या हाताला चाळा हवा होता म्हणून तू खोकं करायला घेतलंस. छान. तुझा वेळ गेला, तुझं हसून झालं, बसमध्ये, ऑफिसात, घरात. आणि मी इथे बटाटे सोलतोय. मी विचारतो दार मोजलंस का, त्याचं उत्तर नाही. मी सांगतो लवकर ये, तू आठवड्याने येतेस. तुला मुळात माझं काही ऐकायचंच नव्हतं.

आता पत्र पाठवू नकोस. खोक्याबद्दल तर नकोच नको. भेटीलाही येऊ नकोस, मी बाहेर येणार नाही.


१७ मे

बारक्या,

पाठवू नकोस म्हणालास, इतके दिवस नाही पाठवलं. भेटीला दोनदा आले, तू आला नाहीस. बाकावर बसून परत गेले. तुझं खरं होतं, मी लवकर यायला हवं होतं. त्यावर मी काही बोलत नाही.

पण आता काही गोष्टी घडल्यात आणि त्या तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

तुझं पत्र आल्यावर मी खोक्याकडे फिरकले नाही. मग एका रविवारी राग आला, तुझा, माझा, सगळ्यांचा, आणि बटणांची भोकं पाडायला बसले. ड्रिलला ते गोल दातेरी पातं लावलं. फळी आवळायची सोडून हाताने धरली. पातं लाकडात अडकलं आणि ड्रिलऐवजी फळीच गरकन फिरली. डाव्या हाताला मोठी जखम झाली. अंगठ्याच्या मुळाशी. मी ओरडले नसेन, पण काहीतरी पडल्याचा आवाज झाला असेल, कारण बाबा धावत आले. बाबा, धावत! त्यांनी टॉवेल गुंडाळला, गाडी थांबवली, दवाखान्यात नेलं. टाके घालताना मी भिंतीकडे बघत होते आणि ते टाक्यांकडे. डॉक्टरला म्हणाले, "सरळ रेघेत घाला." डॉक्टर म्हणाला, "तुम्ही बाहेर बसा."

दुसऱ्या दिवशी दुकानातून अर्ध्या दिवसाने आले तर तुझ्या खोलीतून ड्रिलचा आवाज. फळी टेबलाला दोन ठिकाणी आवळलेली, बाबा गुडघ्यांवर, कानामागे पेन्सिल. सगळी भोकं पाडून झाली होती, एका ओळीत. मी उभी राहिले तर म्हणाले, "हे खटके तू आणलेस? असले खटके मी लिफ्टला लावले असते तर माणसं मजल्यांच्या मध्ये अडकली असती." बाजारात जाऊन दुसरे आणले. वायरी झाळून जोडताना मला जवळ येऊ दिलं नाही. रोज सकाळी आंघोळीआधी तिथे, संध्याकाळी तिथे. खुर्च्या आता जागच्या जागी असतात.

मी तुझ्याबद्दल काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. पण पेपर आता वर जात नाही, कारण ते पेपर वाचतच नाहीत.

आता दाराचं. तू विचारत राहिलास आणि मी उत्तर टाळत राहिले. भाडेकरू सामान घेऊन यायचा होता. बाबा म्हणाले, खोकं आता बाहेरच्या खोलीत काढू. त्यांनी एक बाजू धरली, मी एका हाताने दुसरी. दारात अडकलं. फिरवलं, अडकलं. आडवं करून बघितलं, अडकलं. मी म्हटलं, "अगंबाई, दार मोजायचं राहिलंच."

बाबांनी खोकं खाली ठेवलं. "राहिलं?"

"हो ना."

"जन्मभर मी दारं मोजली. तू पुठ्ठा भिंतीला लावलास तेव्हाच त्याची खोली बघितली होती, मधल्या फळ्या बसवल्यास तेव्हा रुंदी. रुंदीला वीतभर जास्त, खोलीलाही वीतभर जास्त. कुठूनही फिरवा, निघणार नाही. वर सगळे सांधे गोंदाने चिकटवलेस. चुकून कोणी इतकं नीट चुकत नाही."

मीही माझी बाजू सोडली. म्हटलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर कमी केलं असतंस."

एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी भाडेकरूला फोन लावला. "खोलीत फर्निचर अडकलंय. हो, निघत नाही. नाही, तोडायचं नाहीये." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

कळलं ना, बारक्या? पहिल्या दिवशी, प्लाय सांगायच्याही आधी, मी दारच मोजलं होतं. ते तुला कसं लिहिणार? पत्र साहेब वाचतात, आणि तुझ्या खोलीत भाडेकरू येऊ नये म्हणून मी बाबांना फसवतेय हे परक्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. तुला वाटलं मी ऐकत नाही. दाराचं माप आणि गोंद, एवढं सोडून मी सगळं तुझ्या शब्दाप्रमाणे केलं.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. पुढच्या भेटीला मी येणार आहे.

ताई


२९ जून

ताई,

भेटीत मी नुसताच बसलो होतो. तू बोलत होतीस, मी काचेवर बघत होतो. आज कागदावर सांगतो. मार्चचं ते पत्र मी लिहिलं आणि टाकलं, आणि पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हाच परत काढावंसं वाटलं होतं. हात कसा आहे? अंगठा पूर्ण वळतो का? वळत नसेल तर रोज कोमट पाण्यात घालून वळव. आमच्या इथे एकाने कंटाळा केला आणि त्याचा तसाच राहिला.

सुतारखान्यात परत घेतलंय. दाराचं वाचून मी हसलो नाही. म्हाताऱ्याला सांगितलं, तो हसला. मला दोन दिवस तेच दिसत होतं, बाबा आणि तू खोकं फिरवताय आणि दोघांनाही माहीत आहे की ते निघणार नाही.

समिती काल बसली. माझं नाव लागलं. जुलैच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी.

हे चार शब्द लिहून मी उठलो, फिरून आलो, पुन्हा बसलो. झोप येत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. इतके दिवस बाहेर पडायचं म्हणून धडपडत होतो आणि आता फाटकाच्या पुढचं काही दिसत नाही. टेम्पो पुन्हा चालवायला देणार नाहीत, मलाही नको आहे. सुतारकाम मिळेल. पण तेही नंतरचं.

ताई, मला आधी त्या माळ्याकडे जायचंय. घरी येण्याआधी. एकदा घरी आलो, जेवलो, माझ्या खोलीत झोपलो की मग मी आज जातो, उद्या जातो करीन, मी मला ओळखतो. काय बोलायचं ते ठरत नाही. रोज एक वाक्य तयार करतो आणि रंध्याखाली घातल्यासारखं ते पातळ होत होत संपतं. तो मला दारात उभं करेल का तेही माहीत नाही. तू येशील माझ्याबरोबर? लांब उभी राहिलीस तरी चालेल.

बाबांना यातलं सांगू नकोस. त्यांना वाटेल आता सुचलं, नाटक करतोय.

बारक्या


८ जुलै

बारक्या,

आशीर्वाद लिहावा की नाही यावर सकाळपासून अडलो होतो. ताई म्हणाली, लिहून टाका. तर आशीर्वाद.

तुझं पत्र तिने मला वाचायला दिलं. सांगू नकोस लिहिलं होतंस म्हणूनच दिलं, असं म्हणते. तिच्याशी वाद घालायला मला वेळ नाही. तिचा अंगठा वळतो.

यंत्र चालतं. मला त्यातलं काही समजत नाही. मी दांडी हलवतो आणि लगेच मरतो. ताई म्हणते डावीकडे जा, तोवर मेलेलो असतो. वरच्या मजल्यावरचा रंगारी, शेजारचे, सगळे येऊन खेळून जातात, घरात नुसता गोंगाट असतो. दुसऱ्या दांडीचा एक खटका चिकटतो. तो मी तसाच ठेवलाय. आलास की बघ.

आता तू लिहिलंयस त्याबद्दल. मला पत्रं लिहायची सवय नाही, मी सरळ लिहितो.

त्या माळ्याकडे मी गेलो होतो. तुझा निकाल लागला त्याच्या पुढच्या आठवड्यात. ताईला माहीत नव्हतं, हे वाचूनच कळेल तिला. त्याने दार उघडलं, मी कोणाचा बाप ते सांगितलं, त्याने दार लावून घेतलं. त्याचं बरोबरच होतं. मग मी बरेच महिने गेलो नाही. या वर्षी पुन्हा जायला लागलो. घरी नाही, बागेत. तो परत कामावर आलाय. उभ्याने फार वेळ जमत नाही, लाकडी पेटीवर बसून वाफे करतो. मी बाकावर बसायचो. तो बघायचा, बोलायचा नाही. एकदा पाण्याचा पाइप त्याच्या हातून लांब सरकला, मी उचलून दिला. त्याने घेतला. एवढंच.

मी तिथे का जात होतो ते मला विचारशील तर नीट सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं. तुझ्याबद्दल कोणाशी बोलावं असा तोच एक माणूस मला आठवत होता.

तुझं पत्र वाचून काल परत गेलो. म्हटलं, मुलगा सुटतोय, त्याला तुमच्याकडे यायचंय, आणू का? तो हातातली माती झटकत राहिला. मला वाटलं आता उठून जाईल. मग म्हणाला, "एक विचारायचं आहे मला. इतके दिवस कोणाला विचारता आलं नाही. मी रस्त्यावर पडलो होतो, मला गाडीची मागची बाजू दिसत होती. ती जरा हळू झाली होती, मग गेली. हळू झाली होती की मला तसं वाटलं? त्याने आरशात बघितलं होतं का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी कधी त्याला विचारलं नाही."

तो म्हणाला, "मग त्याला घेऊन या."

बारक्या, या प्रश्नाचं उत्तर काय आहे ते मला पत्रातून कळवू नकोस. ताईला पण नको. जे असेल ते असेल. त्याला सांग, त्याच्या समोर बसून सांग. मी बाकावर असेन. मधे बोलणार नाही.

त्या सोमवारी सकाळी फाटकाशी येतो. ताई येणार नाही, तिला दुकान आहे. तुझे काळे बूट पॉलिश करून आणतो, तिथल्या चपला घालून लोकांकडे जायचं नाही. सरळ बागेत जाऊ. तिथून पुढे घरी.

बाबा